टँकर येण्याआधी एकच शब्द

६ एप्रिल १९८६, रविवार
पहाटे जाग आली ती कंधारच्या माझ्या जुन्या शाळेच्या घंटेने. रुळाचा टांगलेला तुकडा, त्यावर हातोड्याचा टोला, आणि पाठोपाठ सगळ्या वर्गाने एका सुरात म्हटलेली कविता. डोळे उघडले तर लातूरच्या गल्लीत नुसत्या घागरी वाजत होत्या.
गुरम्माचा गुडघा सुजलाय. महिनाभर घागर उचलायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. पाणी आता माझ्याकडे. टँकर एक दिवसाआड. रांग घागरींची लागते, पण नळी आली की माणूस घागरीपाशी उभा पाहिजे. नसला, की नंबर गेला. सोपं आहे.
गुरम्मा म्हणाली, अवो, जमंल का? न्हाईतर मी उदगीरला भावाकडं जाते, तिथं हिरीला पानी हाय. मी हसलो.
पुरवणीत शब्दकोडं आलंय. माझी पद्धत शास्त्रीय. सूचना म्हणजे कोशातला अर्थच. तो गाठला की शब्द सापडलाच. या खेपेला बिनचूक सोडवून पाठवणार. नाव छापून येईल.

७ एप्रिल
नंबर चौथा. उभे तीन : 'कोरडे पडलेले', दोन अक्षरी. रुक्ष की शुष्क? एकच अर्थ बघून येतो म्हणून घरी आलो. कोशात शुष्कच्या आधी शिशिर लागला. त्यावरून पाचवीची कविता आठवली. अर्धी म्हणून सोडवत नाही.
परत गेलो तर टँकर वळून गेलेला. आमच्या घागरी गटाराच्या कडेला आडव्या. शेजारची महादेवी म्हणाली, लई हाका मारल्या गुरुजी, तुमी कविता म्हनून राहिले होते.
शुष्क मात्र बरोबर निघाला.

८ एप्रिल
गुरम्माने लंगडत जाऊन महादेवीकडून कळशीभर पाणी आणलं. मी जाणारच होतो.

९ एप्रिल, सकाळ
आज कोशच रांगेत नेला. इतका साधा उपाय. महादेवी म्हणाली, जिल्हा झाला, कलेक्टर आले, आता गुरुजींचं बुक बी रांगेत आलं. पानी तेवढं ऱ्हायलं. सगळे हसले. गल्लीत वाचनाची गोडी वाढतेय.
नळी आली तेव्हा मी जागेवर होतो, हे इथे नोंदवून ठेवतो. घागर भरली. पण कोशावर शिंतोडे उडाले. तो आधी उचलला, तेवढ्यात कोपर लागून घागर कलंडली. माणूस दोन्हीकडे कुठे पुरणार?
गुरम्मा दारातून बघत होती. वळून आत गेली. समजूतदार बाई.

११ एप्रिल, शुक्रवार
गुरम्मा सकाळच्या गाडीने उदगीरला गेली. हवापालट. जाताना म्हणाली, कोड्यात पानी मावत असंल तर तेच प्या. तिला विनोदाचं अंग आहे, हे मी नेहमीच म्हणतो.
घर शांत. कोड्याला उत्तम. आडवे नऊ : 'जोडीदारापासून दुरावलेली स्त्री', चार अक्षरी. विरहिणी. कोश उघडावा लागला नाही. काय शब्द आहे.
रांगेला गेलो नाही. एकट्याला पाणी लागतं किती?

१३ एप्रिल, रविवार
कोडं पूर्ण झालं. पाठवायची मुदत काल संपली. असो. सोडवणं महत्त्वाचं.
दुपारी स्टँडकडे फिरून आलो. उदगीरची गाडी आली होती, सहज बघितली. उतरणारे बरेच होते.
संध्याकाळी कडी वाजली. मी आधी केस नीट केले, मग दार उघडलं. दारात बसवंत, गुरम्माचा भाऊ. तो इतक्या वर्षांत न सांगता कधी आला नाही. म्हणाला, दाजी, अक्काचं स्वेटर अन् वाकळ द्या, नेतो.
एप्रिलात स्वेटर. उदगीरला रात्री गारवा पडत असेल, असं मी म्हणालो.
तो चपलांकडे बघत म्हणाला, न्हाई दाजी. अक्का म्हनली, दिवाळीनंतर लागंल.
बस म्हणालो त्याला, पाणी आणतो. आत आलो, आणि हे लिहीत बसलोय.