लाल गाडीचं तिसरं पासिंग

२४ ऑक्टो. १९९६
अळणावरच्या लाकूड व्यापाऱ्याची गाडी अखेर आपल्या दारात. लाल, दोनच सीट, छत मागं पडतं. पंधरा वर्षांची. अण्णानं थोरल्या भावाचं थोरलेपण दाखवलंच. "एकटी बाई, त्यात वकील, आणि ही सर्कस? धारवाड हसेल." हसू दे की! घर अण्णाच्या नावावर, शेत अण्णाच्या नावावर. आर.सी. बुकावर मात्र माझं नाव आहे.
खंडेनवमी हुकली होती, म्हणून आज पूजा. बॉनेटखाली चेसिस नंबर कोरलाय. बसप्पा मेस्त्री म्हणाला, "अक्का, हेच गाडीचं कपाळ." तिथंच हळद-कुंकू लावलं, वर नारळाचं पाणी.

२२ नोव्हें. ९६
पहिलं पासिंग. आता दर पाच वर्षांनी हे आहेच. ब्रेक, दिवे, हॉर्न, धूर, सगळं बघितलं. इन्स्पेक्टर स्वतः केलगेरीपर्यंत चालवून आला. उतरताना हसत होता. पास!!

६ जुलै ९९
अण्णाची नवीकोरी गाडी रायापूरजवळ बंद. माझ्या लालीनं ओढून आणली. मी काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं. बोललेच. "सर्कस बरी पडली, नाही का?"

२१ नोव्हें. २००१
पास. फक्त चेसिस नंबरची छाप पुसट आली. आकड्यांवर कागद ठेवून पेन्सिल घासतात, ते उमटावे लागतात. तिसऱ्यांदा उमटले. बसप्पा म्हणाला, "कपाळ धुवा की अक्का एकदा." हसण्यावारी नेलं. दसऱ्याचं कुंकू कोण पुसतं?

१५ नोव्हें. २००६
नापास.
ब्रेक उत्तम. धूर नाही. स्टिअरिंगमध्ये सूतभर ढिलाई नाही. पेन्सिल घासली तर शेवटचे चार आकडेच नाहीत. "आगंगिल्ल मेडम, नाही व्हायचं. ही तीच गाडी कशावरून?" बसप्पानं कुंकवाचा खपलीसारखा पापुद्रा काढला. खाली गंज, पत्रा सपाट. दहा वर्षं दर खंडेनवमीला मी स्वतःच्या हातानं...
पक्षकारांना कागद जपा म्हणून सांगते, आणि माझा नंबर मीच खाल्ला. घरी येऊन रडले. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

१८ नोव्हें.
अण्णा: "देवानंच कौल दिला समज. काढून टाक आता."
मी: "देवाला मध्ये घालू नकोस. चूक माझी, निस्तरणार मी."
जेवला नाही, गेला. जाऊ दे.

२७ नोव्हें.
नंबर पुन्हा ठोकून घ्यायला वरून परवानगी लागते. अर्ज केला. इंजिन नंबर स्वच्छ आहे, ९६ आणि २००१ च्या छापा त्यांच्याच फायलीत आहेत. ताडून बघा म्हटलं. साहेब म्हणाले, बघू. 'बघू' म्हणजे काय ते एकवीस वर्षं कोर्टात बघतेय.

१९ फेब्रु. २००७
पासिंगची मुदत संपून तीन महिने होत आले. रस्त्यावर न्यायची नाही. कोर्टात बसनं जाते, ज्युनियर लोक विचारतात, मॅडम गाडी विकली काय? नाही विकली!! रोज सकाळी अंगणातच चालू करते. पहिल्या किल्लीला घेते.

२ एप्रिल
अण्णानं एका भंगारवाल्याला पाठवलं. बॉनेटवर टकटक करून बघायला लागला. हात लावू नका म्हटलं. गेटबाहेर घालवला. अण्णाला फोन केला, वाट्टेल ते बोलले. तो शेवटी एवढंच म्हणाला, "तुला एवढी लागलीय का गं ती?" लागलीय.

११ एप्रिल
परत आरटीओ. परवानगीचा पत्ता नाही. अर्ज नव्या फॉर्मवर द्या म्हणाले, जुना चालत नाही. त्यात एक रकाना: 'वाहनाची सद्यःस्थिती'. क्लार्क बिचारा मायेनं म्हणाला, "वापरात नाही असं लिहा अक्का, नोंदणी रद्द होते, डोक्याला ताप नाही. वापरात आहे असं लिहिलंत तर वर्ष जाईल, आणि परवानगी मिळेलच असं नाही."
वर्ष जाऊ दे. पेन मागून घेतलं. लिहिलं: 'उत्तम. मालक: मी.' आणि पूर्ण नावानिशी सही केली.