एक्केचाळीस नंबरची पेन्सिल

६ जानेवारी, सोमवार

लागले कामाला. तेही कॉलेजात! जिने अकरावी अर्ध्यावर टाकली तिला कॉलेजने टेबल-खुर्ची दिली. आठ आठवड्यांचं काम आहे. त्याहून जास्त मी कुठे टिकते म्हणा.

एकशे वीस मुलामुलींनी आपणहून नावं दिलीयत. दर बुधवारी मॅडम त्यांना गटागटाने बसवून बोलतं करणार. मॅडम म्हणजे इथल्या समुपदेशक. झोप, परीक्षेची धास्ती, घरच्यांशी बोलणं, श्वास कसा घ्यायचा — हो, श्वाससुद्धा शिकवतात! आणि दर सोमवारी प्रत्येकाने एक कागद भरायचा. बारा प्रश्न. प्रत्येकापुढे शून्य ते तीन. शून्य म्हणजे त्रास नाही, तीन म्हणजे रोजचाच त्रास. नाव लिहायचं नाही, फक्त नंबर. मी ते आकडे संगणकात चढवायचे. कुठला नंबर कुणाचा, ती यादी पाकिटात, पाकीट कपाटात. किल्ली खालच्या ऑफिसात, आणि मॅडमनी सांगितल्याशिवाय ती हलवायची नाही.

मॅडमनी एकच गोष्ट दोनदा सांगितली. "दहाव्या प्रश्नाला कुणी दोन किंवा तीन लिहिलं, की माझ्याकडे यायचं. त्याच दिवशी. मी जेवत असले तरी."

दहावा प्रश्न — जगणं नकोसं वाटलं का.

१३ जानेवारी, सोमवार

पहिले कागद आले. सगळ्यांना एकेक पिवळी पेन्सिल दिली होती. तुमचीच, ठेवून घ्या म्हणून. निम्म्यांनी आत्ताच चावून ठेवलीय.

माझ्याशेजारी आकडेशास्त्री बसतो. हे नाव मी ठेवलंय, त्याला माहीत नाही. सरासरी काढणं हे त्याचं काम आणि तोच त्याचा छंद. चहा पितानाही सांगतो, आज सरासरीपेक्षा गोड आहे.

दहाव्याला तीन लिहिणारे दोघं निघाले. मी पळत मॅडमकडे गेले. त्या खरंच जेवत होत्या. हात न धुता उठल्या.

२१ जानेवारी, मंगळवार

काल उशीर झाला. रस्त्यात एक म्हातारा छत्र्यांच्या काड्या सरळ करत बसला होता. तासभर बघत राहिले. काय हात होता त्याचा! मला कशाचीही भूल पडते. आई म्हणायची, तुला मीठ आणायला पाठवलं तर तू समुद्र बघून येशील.

एक्केचाळीस नंबरचा कागद लक्षात राहतो. अक्षर छोटं, पण प्रत्येक उत्तर खोडलेलं. आधी तीन, मग खोडून दोन. आधी दोन, मग एक. पेन्सिल इतकी दाबलेली की खोडूनही पाठीमागून बोटाला लागतं. जणू कागदाशी भांडतेय — किंवा भांडतोय. कोण जाणे.

२७ जानेवारी, सोमवार

एक्केचाळीसच्या दहाव्या प्रश्नाला २ खोडून १ केलंय.

आकडेशास्त्रीला दाखवलं. म्हणाला, "खोडलेलं मोजायचं नसतं गं. शेवटी राहतं ते उत्तर."

एक म्हणजे दोन नव्हे. नियमात बसत नाही. चढवला एक.

२ फेब्रुवारी, रविवार

आईचा फोन. नाही उचलला. काय सांगायचं? मजेत आहे? तेच सांगते दर वेळी.

चहाची किटली आणि जाड पांघरूण खोलीतल्या सोबतिणीला देऊन टाकलं. ती म्हणाली, "आणि तुला?" मला काय करायचंय! सामान हलकं तर पाय मोकळे. महिनाअखेरीस काम संपतं. मग बघू कुठे.

३ फेब्रुवारी, सोमवार

एक्केचाळीस. तसंच. खाडाखोड आणखी. एका जागी कागद फाटलाय.

१० फेब्रुवारी, सोमवार

एक्केचाळीसला सगळी शून्यं! बाराच्या बारा. गोल, सुबक, एका ओळीत. खाडाखोड नाही. खाली "आणखी काही सांगायचं असल्यास" तिथे एकच शब्द — धन्यवाद. आणि कागदाला चिकटपट्टीने पेन्सिल लावलेली.

आकडेशास्त्री खुर्चीतून उठला. "बघ! सव्वीसवरून थेट शून्य! हा आपला हिरो आहे. आलेखात पहिला हाच दाखवायचा." मॅडम परवापर्यंत परगावी आहेत, याच कामाबद्दल बोलायला. तिथे त्यांना कळवायला निघाला होता.

मीही हसले. शून्यं चढवली. पेन्सिल खणात टाकली.

परत येताना एक पोरगी दोन चाकं वेगवेगळ्या रंगांची असलेली सायकल ढकलत चालली होती. बघत उभी राहिले. मग एकदम माझी सायकल आठवली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

नीट लिहिते. सगळं लिहिते.

घर सोडलं त्याच्या आधीचा आठवडा. दोन वर्षं झाली. त्याआधी महिनोन्‌महिने माझं तोंड वाकडं, आईशी रोज खडाजंगी. त्या आठवड्यात मात्र मी शहाणी झाले. कपाट आवरलं. आजीचे पाय चेपले. माझी सायकल शेजारच्या पोरीला दिली. आई सगळ्यांना सांगत सुटली, "बाई, सुधारली हो माझी लेक!" भांडणच संपलं होतं माझं. उरलं नव्हतं ना काही भांडण्यासारखं! स्टेशनवर गेले तेव्हा कशासाठी गेले होते, ते मलाही नक्की सांगता यायचं नाही. गाडी आली. आत बसले. म्हणून आज हे लिहितेय.

हे मी कुणाला बोललेले नाही. या वहीलाही नाही.

सकाळी आकडेशास्त्रीला म्हटलं, पाकीट उघडू या. तो म्हणाला, "शून्य लिहिलं म्हणून? वेड लागलंय का तुला? नावं गुप्त ठेवू असं आपण त्यांना वचन दिलंय." मी म्हटलं, पेन्सिल परत केलीय. "मग? प्रामाणिक आहे पोर!"

त्याचंही चुकत नव्हतं. वचन म्हणजे वचन. अकरावी अर्ध्यावर टाकलेली मी, आणि शिकवायला निघाले त्याला! गप्प बसले. साधारण अर्धा तास. हा अर्धा तास मला आयुष्यभर पुरेल.

मग मॅडमना फोन लावला. सभेत होत्या. आमच्या ऑफिसातल्या शिपाईमामांनी तिथल्या शिपायाला गाठून बाहेर बोलावून घेतलं. मला नीट सांगताच येईना. सायकल, खाडाखोड, शून्यं — सगळं एकात एक. त्या "हळू, हळू" म्हणत होत्या. मी म्हटलं, "मॅडम, तिने पेन्सिल परत केलीय."

मग म्हणाल्या, "फोन त्याला दे. आणि तू धाव, किल्ली आण."

आकडेशास्त्री फोन कानाला लावून नुसता हं, हं करत होता. चेहरा पांढराफटक. पाकीट त्यानेच फोडलं. मुलगीच निघाली. दुसऱ्या वर्षाची, वसतिगृहात खोली चौदा. चप्पलही न घालता धावला. इतका जाडा माणूस, जिने तीन-तीन चढला!

मी मागून पोचले. दार उघडंच होतं. ती पलंगावर बसलेली. नीट विंचरलेले केस. टेबलावर पुस्तकांचे गठ्ठे आणि प्रत्येकावर एकेका मैत्रिणीच्या नावाची चिठ्ठी. आकडेशास्त्री दारात उभा, धापा टाकतोय. आणि काय म्हणाला, तर "पाणी आहे का?"

ती उठली. पेला भरून दिला त्याला. आणि देता देता पेला कलंडला — पाणी त्याच्या शर्टावर. मग रडली. तो तसाच ओला उभा. "मी बसतो इथे. काही बोलू नकोस. मी नुसता बसतो."

वसतिगृहाच्या बाई आल्या. डॉक्टर आले. मॅडम मिळेल त्या गाडीने संध्याकाळी पोचल्या. तिला एकटं सोडलेलं नाही. वडील निघालेत.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ती दवाखान्यात आहे. वडील उशाशी बसून असतात. मॅडम रोज दोन वेळा जातात.

तिने मॅडमना विचारलं, "पेन्सिलीवरून कोणी ओळखलं?" मॅडमनी सांगितलं, आकडे चढवणाऱ्या मुलीने. ती म्हणाली, "म्हणजे कुणी वाचत होतं?"

१७ फेब्रुवारी, सोमवार

नवा नियम. खाडाखोडही लिहून घ्यायची. एकदम सगळी शून्यं आली तरी त्याच दिवशी सांगायचं. आकडेशास्त्रीने त्यासाठी वेगळा रकाना पाडला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "खोडलेलं मोजायचं नसतं, असं मी म्हणालो होतो ना?" म्हटलं, हो. "तूही त्या दिवशी चढवलास ना एक?" म्हटलं, चढवला. चहा आला. आज सरासरीबद्दल काही बोलला नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मॅडमनी दार लोटून घेतलं. म्हणाल्या, "तुला कसं कळलं, ते तू मला फोनवर सांगितलंस. अर्धंच. सायकलचं."

मी म्हटलं, जुनी गोष्ट आहे.

"आणि आता कशी आहेस?"

मस्त! एकदम मजेत!

त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. बारा प्रश्न. मी हसत हसत भरला. दोन मिनिटं लागली. त्यांनी बघितला आणि फिरवून माझ्यासमोर ठेवला.

शून्यं. गोल, सुबक, एका ओळीत.

१९ फेब्रुवारी, बुधवार

मला नंबर मिळालाय. एकशे एकवीस. कागद पुन्हा भरला, तीनदा फाडून. दहाव्याला जे खरं तेच लिहिलं. मॅडम जेवत होत्या.

सोबतिणीकडे पांघरूण परत मागितलं. म्हणाली, "दिलेलं कुणी परत मागतं का गं?"

म्हटलं, मागतं. किटलीही दे.