पडदा टेकेपर्यंत टिकणारा शब्द

ती. ताईस,

बाळ्याचा वाकून नमस्कार (कंबर आता जेवढं वाकू देते तेवढा).

तुझा गुडघा कसा आहे? मी बसवून दिलेल्या भिंगांतून नीट दिसतंय ना? चष्मा नाकावरून घसरत असेल तर दांडी स्वतः वाकवू नकोस. मागच्या खेपेला तू पिरगाळलेली दांडी आमच्या दुकानाच्या मालकांनी जपून ठेवली आहे आणि नव्या नोकरांना दाखवतात. माझ्या लांबलचक पत्राला तू 'ठीक आहे' एवढंच उत्तर पाठवलंस. कागद उलटून पाहिला, मागे काही नव्हतं. भावोजी गेल्यापासून तू गाणं बंद केलंस, त्याविषयी मी अवाक्षर काढायचं नाही असा तुझा हुकूम आहे. तो मी पाळतो आहे. हे पत्र फक्त माझ्या संकटाविषयी आहे.

संकट असं. आमच्या हौशी मंडळींच्या नाटकाची गाणी माझ्याकडे आहेत (दिवसभर लोकांची नजर तपासणारा माणूस संध्याकाळी कवी असू शकतो, हे तुझ्याशिवाय कुणाला पटत नाही). शेवटच्या प्रवेशात घर सोडून गेलेला मुलगा दारात येऊन उभा राहतो, त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि आई आतून गाते. तिच्या शेवटच्या शब्दावर पडदा. आता पडदा ओढतात आमचे नळदुरुस्तीवाले. त्यांचा खांदा दुखावलेला, त्यातून स्वभाव सावकाश, आणि दोरीला दुसऱ्या कुणाला हात लावू देतील तर शपथ. पडदा वरून निघतो आणि रमतगमत खाली येतो. तोवर गाणारीने शेवटचा शब्द धरून ठेवायचा. आमच्या संगीतकारांनी (आवाज इतका खालचा की त्यांना सगळे 'खर्ज' म्हणतात) मला बजावलं की रविवारच्या तालमीपर्यंत धरता येईल असं यमक आण, नाहीतर गाणं काढून टाकू आणि बासरी वाजवू. ताई, बासरी! आई मुलाला बासरीने घरात घेणार?

आधी मी 'वाट', 'दाट', 'पहाट' असं जमवलं होतं. कागदावर वाचशील तर डोळे भरून येतील. गाणार होत्या दातांच्या डॉक्टरीणबाई. गळा गोड, शिस्त कडक. पण 'ट' आला की जीभ टाळ्याला चिकटते आणि सूर तिथेच संपतो. बाई गप्प, पडदा अर्ध्यावर, आणि मुलगा मान वर करून तो कधी येतोय ते बघतोय. मग 'कधी' आणि 'आधी' आणले. तो सूर वरचा, त्यात 'ई'ने ओठ ताणले जातात आणि गळा आवळतो. बाईंच्या मानेच्या शिरा अशा तटतटल्या की खर्जांनी वाजवणं थांबवून पाणी मागवलं. 'ऊ' घेऊन पाहिला, तर आई मुलाला बोलावण्याऐवजी गरम चहा फुंकते आहे असं वाटायला लागलं. 'म'चं तर विचारूच नकोस, ओठ मिटले की खेळ खलास. शेवटी बाई वैतागून म्हणाल्या, मी दिवसभर लोकांना 'आ करा' म्हणते, तुम्हाला वेगळं सांगायला हवं का?

म्हणून मी 'आ' धरला. 'दार उघडे ठेवले मी, ये कधीही तू घरा' ही ओळ झाली, आता 'घरा'ला जोड हवी. पण यमक कानाला बरं वाटणं वेगळं आणि तोंडात मावणं वेगळं. यासाठी तोंडं हवीत, आणि ती माझ्याकडे रोज आपल्या पायांनी चालत येतात. तपासणीच्या खोलीतल्या अक्षरांच्या तक्त्यावर मी माझा तक्ता चिकटवला: बरा, खरा, पुरा, झरा, जरा, वरून खाली बारीक होत जाणारे. येईल त्या गिऱ्हाइकाला म्हणायचो, वाचा, आणि प्रत्येक शब्द लांबवा. (नजरेचा आणि लांबवण्याचा संबंध काय, असं एकानेच विचारलं. त्याला म्हटलं, नवी पद्धत आहे.) एका पोलीस शिपायाने 'खरा' असा काही लांबवला की बाहेर बसलेले दोघे उठून निघून गेले.

मग एक वयस्क बाई आल्या, एकट्याच. शेवटच्या ओळीतला 'जरा' त्यांनी इतका मोकळा सोडला की मी हातातलं भिंग खाली ठेवलं. मग एकदम लाजल्या. म्हणाल्या, पुष्कळ दिवसांत एवढं तोंड उघडलं नव्हतं हो, घरी बोलायचं कुणाशी? मी पाठ फिरवून पुसलेलंच भिंग पुन्हा पुसत बसलो. ओरडायला आलेले मालकसुद्धा दारातूनच मागे फिरले (तक्ता मात्र त्यांनी नंतर फाडला, आणि मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही).

त्या बाई गेल्यावर मला तुझी हाक आठवली. जेवायची वेळ झाली की तू दारात उभी राहून 'बाळ्याऽऽ' म्हणायचीस, आणि मी गल्लीच्या टोकापासून चपला हातात घेऊन पळत सुटायचो, तरी उंबऱ्यापर्यंत पोचलो की तो 'आ' चालूच असायचा. तेवढ्या वेळात नळदुरुस्तीवाल्यांचा पडदासुद्धा दोनदा खाली आला असता. दुसरी ओळ मला तिथेच, काउंटरवर सुचली. खर्जांना पसंत पडली. बासरी रद्द झाली.

तब्येतीला जप. बाकी सगळं छान आहे.

तुझा,
बाळ्या

ता. क. बाकी सगळं छान नाही. रविवारी डॉक्टरीणबाईंनी दोन्ही ओळी सुरेख गायल्या आणि कागद माझ्या हातात दिला. म्हणाल्या, हे दुसऱ्या कुणाच्या गळ्यासाठी लिहिलंय, तिलाच बोलवा. त्यांचा घसा बसलाय अशी थाप मारणार होतो, पण तुझ्यापुढे माझी थाप कधी टिकली आहे? आईला रंगमंचावर यायचं नाही, आतूनच गायचं आहे. तू कुणाला दिसणार नाहीस. खुर्चीला उशी मी लावीन.

आणखी एक ता. क. हुकूम मोडला, मला माहीत आहे. काय ओरडायचं ते ओरड, पण दारात उभी राहून मोठ्याने ओरड. तुझ्या घरातल्या शांततेची मला भीती वाटते, ताई. नाटकात दुसऱ्या ओळीत 'रे' आहे. तिथे 'गं' घातला तरी मात्रा बिघडत नाही, मी मोजून पाहिलं आहे:

दार उघडे ठेवले मी, ये कधीही तू घरा
शब्द चुकले, सूर चुकला, चालते गं, गा जरा