न उघडलेली कॉमेट

टल्सा, ओक्लाहोमा
३ मार्च १९९८

ती. लुएलाताईस,
डेल्बर्टचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आईचा गुडघा आता वळतो हे वाचून बरं वाटलं. इकडे टायरच्या दुकानात गर्दी आहे. दुकान बंद झालं की लोक आपापल्या इलेक्ट्रिक गिटारी घेऊन मागच्या दारानं येतात, साल विचारायला. ही विद्या मला कुणी शिकवली नाही, हे तुला माहीत आहेच. पण आज टल्सात शेवटचं मत माझं धरतात.

आईनं टल्साचं घर सोडताना तुझ्याकडे नेलेल्या, पलंगाखालच्या पेटीत बाबांच्या गिटारीची हुबेहूब जोडीदारीण निघाली, असं तू लिहिलंस. गोंधळू नकोस. बाबांची १९५९ची लार्कहिल कॉमेट माझ्याकडे काचेच्या कपाटात आहे. तुम्हाला सापडली ती रीइश्यू, म्हणजे कंपनीनं १९८२ साली आपल्याच जुन्या मॉडेलची पुन्हा काढलेली आवृत्ती. रंग तोच, आकार तोच. बाबांनी ती केव्हा घेतली कोण जाणे, आता विचारायला ते नाहीत.

तरी खात्री हवी. जूनमध्ये इथल्या संगीतसंग्रहालयात मी बाबांची शनिवारच्या नाचांतली गिटार देतो आहे. ‘ऑरव्हिल किन्सी यांची १९५९ची कॉमेट’ अशी पितळी पट्टीही कोरून झाली. त्यातलं एक अक्षर खोटं ठरलं तर बाबांच्या नावाचं हसं होईल आणि मला या गावात तोंड दाखवायची सोय राहणार नाही.

तेव्हा पुढची प्लास्टिकची पाटी उघड. आवाजाच्या बटणाखाली पत्र्याची डबी दिसेल, तिच्यावर साल सांगणारे आकडे ठोकलेले असतात. सहा असले तर जुनी, सात असले तर नवी. आतल्या विजेच्या तारांवरच्या कापडी वेष्टणावर विसंबू नकोस. ते नवीलाही दिलंय, भलेभले तिथेच फसतात. शिवाय लाकडात खिळ्यांची बारीक भोकं आहेत का बघ. पूर्वी रंग वाळेपर्यंत गिटार खिळ्यांवर टेकवून ठेवत. नवीत ती नसतात. आणि कृपा करून स्वयंपाकघरातला स्क्रूड्रायव्हर घेऊ नकोस.

आईला नमस्कार. लोभ आहे तसा ठेव आणि काढलेले स्क्रू बशीत ठेव.

तुझा भाऊ,
डेल्बर्ट


बेकर्सफील्ड, कॅलिफोर्निया
१४ मार्च १९९८

चि. डेल्बर्टास अ. आ.

स्वयंपाकघरातलाच घेतला. घरात दुसरा नाही. एक स्क्रू इतका गंजला होता की रॉयला गिटार धरून बसवावं लागलं. नवरा कधी कधी उपयोगी पडतो.

पाटी निघाली तेव्हा कडेकडेनं धुळीची रेघ उमटलेली होती, आणि आत एक वाळलेला पतंग. तिला याआधी कुणी हात लावला असेल असं वाटत नाही. आकडे मी मोजले, रॉयनं मोजले, मग चष्मे बदलून पुन्हा मोजले. सहा आहेत. खिळ्यांची भोकंही आहेत. माझी शिवणाची सुई आत जाते एवढी.

आई शेजारी पीकनचे दाणे सोलत बसली होती. तिला विचारलं तर म्हणाली, आधी डेल्बर्ट काय म्हणतो ते येऊ दे, तज्ज्ञ तो आहे. आणि हसली. मला ते हसणं काही ठीक वाटलं नाही.

आता तुझ्या गिटारीत किती आकडे आहेत तेवढं कळव. घरातल्या घरातच ताळा करू. प्रकृतीला जप, रात्री तळलेलं खाऊ नकोस, आणि बहिणीवर राग धरू नकोस.

तुझी ताई,
लुएला


टल्सा
२२ मार्च १९९८

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू काय मागते आहेस याची तुला कल्पना नाही. माझी कॉमेट न उघडलेली आहे. गिटारींच्या प्रदर्शनात लोक ती बघायला रांग लावतात ते एवढ्याचसाठी. कारखान्यातल्या कुणा बाईनं तारांना दिलेले सोल्डरचे डाग आत जसेच्या तसे असलेली गिटार आता शोधून मिळत नाही. एकदा स्क्रू फिरला की ते कोरेपण गेलं, परत आणता येत नाही. म्हणून आम्हा लोकांत नियमच आहे, की अस्सल वस्तू उघडायची नाही.

तुझ्या गिटारीत कुणीतरी जुनी डबी बसवली असणार. असे उद्योग चालतात. भोकंसुद्धा पाडून देतात.

काल होमर टिडवेल, इथला दुसरा गिटार-पारखी, येऊन गेला. गेली कित्येक वर्षं माझी चूक काढण्यासाठी तो जगतो आहे. माझ्याकडचा केक खाता खाता त्यानं साळसूदपणे विचारलं, की अस्सल असेल तर उघडायची नाही हे पटलं, पण न उघडता अस्सल ठरवली कशी? मी म्हटलं, वडिलांची आहे. तो म्हणाला, बरोबर, आणि दुसरा तुकडा घेतला.

आईला नमस्कार. माझ्याबद्दलचं मत इतक्यात बदलू नकोस.

तुझा,
डेल्बर्ट

ता. क. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं. उघडली. सात आकडे. साल ब्याऐंशी. भोकं नाहीत. आईला विचार.


बेकर्सफील्ड
१ एप्रिल १९९८

चि. डेल्बर्टास अ. आ.

आज एक एप्रिल आहे, पण हे सगळं खरं आहे.

आई सांगते, तू आधी तिचा टोस्टर उघडलास, मग रेडिओ, मग माझ्या लग्नातलं घड्याळ. पुढे गिटारींचा नाद लागला आणि दर रविवारी जेवायला येताना तुझ्या खिशात स्क्रूड्रायव्हर दिसू लागला. तो दिसला की बाबा गिटार घेऊन आतल्या खोलीत जायचे. शेवटी त्यांनी गुपचूप ती नवी आणली, सोफ्यावर ठेवली आणि जुनी पलंगाखाली ढकलली. आईला म्हणाले, “त्याला ही उघडू दे, म्हणजे त्याचं समाधान होईल आणि माझी वाचेल.”

आणि तू काय केलंस? तिला हात लावण्याआधी साबणानं हात धुवायला लागलास. रविवारमागून रविवार बाबा वाट बघत राहिले. तू ती कधी उघडलीच नाहीस. मग सांगायचं कसं?

आता खरी गंमत ऐक. नवीचा सूर जुनीपेक्षा जास्त टिकायचा. म्हणून पुढे शेवटच्या नाचापर्यंत बाबा तीच वाजवत राहिले. जुनीची त्यांना आठवणही राहिली नाही.

कसं लिहू कळत नाही, पण खरोखर न उघडलेली जी होती ती पलंगाखाली होती, आणि ती तू मला बटाट्याच्या कपाटातल्या स्क्रूड्रायव्हरनं उघडायला लावलीस. रॉय हसायला म्हणून गॅरेजमध्ये जाऊन बसला आहे.

आई म्हणते, जुनी पाठवून देऊ. तुझी पट्टी जशीच्या तशी चालेल, आणि कुणाला काही कळायचं कारण नाही. तू ठरव. काहीही ठरवलंस तरी आमची माया पातळ होणार नाही.

ताई


टल्सा
१५ जून १९९८

ती. ताईस सा. न. वि. वि.

जुनी पाठवू नकोस. पट्टी मी नवीन कोरून घेतली. ‘लार्कहिल कॉमेट. १९५९च्या मॉडेलची १९८२ची रीइश्यू. ऑरव्हिल किन्सी अखेरपर्यंत हीच वाजवत. एकदा उघडलेली, मुलाकडून.’ संग्रहालयाच्या श्रीमती बीसन म्हणाल्या, एवढं कोण वाचतं. मी म्हटलं, मी वाचतो. अस्सल नसलेल्या गिटारीवर अस्सल तेच लिहिलेलं असावं, नाहीतर इतकी वर्षं मी लोकांच्या गिटारी उघडून काय केलं?

उद्घाटनाला होमर भिंग घेऊन आला. पट्टी त्यानं दोनदा वाचली, गिटार मागूनपुढून न्याहाळली. चूक सापडेना तेव्हा चेहरा असा झाला की मला त्याची दयाच आली.

तेवढ्यात डेलिया हॅमंड नावाच्या एक वयस्क बाई काठी टेकत आल्या. पट्टीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. लांबूनच म्हणाल्या, ही ऑरव्हिलचीच. होमरनं विचारलं, कशावरून? त्यांनी गिटारीच्या पाठीवरचा ओरखडा काठीनं दाखवला. तो वाजवणाऱ्याच्या कमरपट्ट्याच्या बकलनं पडतो, हे मलाही ठाऊक आहे. पण कुठल्या बकलचा ओरखडा कुठला, हे मी आजवर सांगू शकलेलो नाही. बाई म्हणाल्या, शनिवारचे नाच त्या स्टेजसमोर उभ्या राहून ऐकत, आणि त्यांची नजर बहुतेक वेळ ऑरव्हिलच्या बकलवरच असे. असं म्हणून त्या चक्क लाजल्या.

गिटार ओळखण्याची ही पद्धत मला माहीत नव्हती. मी ती वहीत उतरवून घेतली आहे.

आईला साष्टांग. यातलं तिला किती वाचून दाखवायचं ते तू ठरव.

तुझाच,
डेल्बर्ट