जोडटेबलाचं माप

३ फेब्रुवारी, रोहा

आईचा उजवा खांदा अजून किती गोधड्या ओढेल? मला सांगता येत नाही. डॉक्टरांनाही आलं नाही. वजन घेऊ नका, नाहीतर हात वर जायचा बंद होईल, एवढंच म्हणाले. वडखळच्या दुकानाच्या सात गोधड्या अजून शिवायच्या आहेत. मशीन एवढंसं — गोधडी सगळी खाली लोंबते, म्हणून ती खांद्यावर घेऊन शिवते. मशीनभोवती बसणारं जोडटेबल केलं तर? कंपनीत जाणार नाही, आईचंच काम वाढवीन, असं मीच घरात सांगितलं होतं.

५ फेब्रुवारी

आईच्या टेपने माप घेतलं. सुईखालच्या भागाची उंची चार इंच. रुंदी, लांबी, कोपऱ्यांची गोलाई — सगळं दोनदा मोजून कागदावर उतरवलं. बी.कॉम. झाल्यापासून पहिल्यांदा घराच्या उपयोगी पडले!

८ फेब्रुवारी

पेणला कमळाकरमामाकडे माप दिलं. गणपतीचे पाट बाजूला ठेवून टेबल करतो म्हणाला.

१६ फेब्रुवारी

टेबल आलं. मशीन खाचेत ठेवलं, तर बुडालंच. टेबल इंचभर उंच, कडेला इंचभर फट. मामाला फोन केला. पाय कापून मिळतील, पण खाच लहान होत नाही म्हणाला. पट्टी ठोकली तर सांध्यात कापड अडकणार.

आईने टेप हातात घेतला.

"टोकापासून धरलंस काय गो? पयला इंच तुटलाय त्याचा. आकड्यातून एक सोडायचा."

कधी तुटला, विचारलं.

"तू चौथीत होतीस."

माझे सगळे गणवेश तिने त्याच टेपने बेतले. इतक्या वेळा अंगाला लागला, आणि मी एकदाही पाहिला नाही. ती रागावलीसुद्धा नाही. चहा ठेवू काय, म्हणाली.

२१ फेब्रुवारी

मामाने पाय कापले, पट्टी ठोकली. कापड अडकतंच. टेबल भिंतीला उभं आहे.

२४ फेब्रुवारी

बाजारातून लवकर आले. आई शिवत होती. उजवा हात मांडीवर पडलेला, गोधडीचं टोक दातांत. मला पाहिलं, तरी टोक सोडलं नाही.

२६ फेब्रुवारी

वडखळला जाऊन उरलेलं कापड परत दिलं. मशीन शेजारच्या रंभाकाकूंकडे पोचवलं. धाटावला कंपनीत पॅकिंगला नाव लावून आले — सोमवारपासून पहिली शिफ्ट. आईला यातलं काहीच विचारलं नाही.