शेवटच्या तीन ओळी

नाना, दुकानात नवीन संगणक आलाय. जुन्यातले साचे मी दुपारपासून एकेक करून त्यात हलवतेय. साचे म्हणजे तुमचे नमुने. आता सगळे टेम्प्लेट म्हणतात, पण तुम्ही तो शब्द कधी तोंडात येऊ दिला नाही. देवपुरातल्या या दुकानात बसून तुम्ही म्हणायचात, नाव काहीही द्या, काम तेच. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि तुमचा रहिवासाचा नमुना अजून रोज चालतो. कालच दोंडाईच्याच्या एकाला काढून दिला. मी नुसती नाव, वय, गाव भरत जाते, एका खान्यातून दुसऱ्यात उडी मारत. दोन मिनिटांत कागद बाहेर. तुम्हाला त्याच कागदाला पाऊण तास लागायचा आणि त्यातली चाळीस मिनिटं तुम्ही टाइपरायटरला हातसुद्धा लावायचा नाहीत.

शिंदखेड्याला कचेरीसमोरच्या निंबाखाली तुमचं टेबल होतं. मी शाळेतून सुटले की तिथेच यायची. कोणी अर्जाला आलं की तुम्ही आधी म्हणायचात, सांगा. कागद मशीनमध्ये घालायचा नाही, चष्मा लावायचा नाही, हात मांडीवर. माणूस आधी भलतंच सांगायचा. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय सगळ्यांनाच असते. मग हळूहळू खरी गोष्ट निघायची, आणि ती निघाली की तुम्ही बाडातून योग्य तो नमुना उपसायचात. फुलस्केपवर टाइप केलेला, जिथे भरायचं तिथे टिंबंच टिंबं. नमुना बाजूला ठेवून, त्याच्याकडे बघत, कोऱ्या कागदावर नवा अर्ज उतरवायचा. एकदा मी एका नमुन्याच्या टिंबांवर पेन्सिलीने माझंच नाव लिहिलं, वय वर्षे नऊ, धंदा शाळा. तुम्ही मारलं नाहीत, पण खोडरबर घेऊन माझ्यासमोर ते पुसत बसलात. म्हणालात, बेटा, नमुना कोरा राहिला पाहिजे. त्याच्यावर एकाचं नाव चढलं की तो दुसऱ्याच्या कामाचा राहत नाही. मला वाटलं होतं तुम्ही हसाल. मी घरापर्यंत रडत आले, आणि आई म्हणाली, बरं झालं.

मी दुकान टाकलं तेव्हा तुम्ही ते बाड धुतलेल्या धोतराच्या तुकड्यात बांधून आणलंत. टाइपरायटर नाही दिलात, तो तुम्हाला कोणाला द्यायचाच नव्हता. एव्हाना तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की तुम्हाला गावी कामं निघायची. पण बाड तुम्हाला पाठ होतं. पंधरा-वीस दिवस रोज दुपारी तुम्ही माझ्या शेजारी बसून सांगत गेलात आणि मी संगणकावर घेत गेले. टिंबांच्या जागी तुम्ही 'रिकामं' म्हणायचात. मी नामे रिकामं, वय रिकामं, धंदा रिकामं, राहणार रिकामं, अर्ज करतो की. फोटोकॉपीला आलेली माणसं आपल्याकडे बघून हसायची. मलाही हसू यायचं आणि तुम्ही गंभीरच. मी ते सगळं नीट बसवलं, ठळक काय, मधोमध काय, सहीची जागा कुठे, आणि साचा म्हणून जतन केलं. उघडलं की दर वेळी नवा कोरा अर्ज. खालचा मूळ साचा शाबूत. हे सांगितलं तेव्हा मात्र तुम्ही खूश झालात. म्हणालात, म्हणजे खोडरबर नको.

एकाच गोष्टीवरून आपलं अडलं. तुमच्या प्रत्येक नमुन्याच्या शेवटी, सहीच्या वर, एक ओळ होती, 'आणखी सांगायचे असल्यास', आणि खाली टिंबांच्या तीन ओळी. संगणकावर त्या तीन ओळींपायी सही दुसऱ्या पानावर जायची. आख्ख्या पानावर एकटी सही. मी म्हटलं, नाना, ते कचेरीत कोणी वाचत नाही, काढून टाकते. तुम्ही म्हणालात, वाचत नसतील, सांगणाऱ्याला तर सांगायचं असतं. मी म्हटलं, बरं, ठेवते. आणि नाना, मी ठेवली नाही. सगळ्या साच्यांतून काढली. तुम्हाला पडदा दिसत नव्हता. तुम्ही दारापाशी खुर्ची टाकून बसायचात, माणसांना बोलतं करायचात, आणि कागद निघाला की, शेवटचं लिहिलं ना, असं मला विचारायचात. मी हो म्हणायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनात म्हणायची, आणि पुढचा अर्ज घ्यायची.

मग ती बाई आली. शिंदखेड्याकडच्या खेड्यातली, माझ्याच वयाची, नवरा गेलेली. तिला रेशनकार्ड वेगळं करून हवं होतं. सासूच्या कार्डावर तिचं आणि दोन लेकरांचं धान्य यायचं, ते सासूच्या हातात पडायचं, आणि सासू देईल तेवढंच तिच्या पदरात. ती माझ्याकडे कागदपत्रं देऊन तुमच्याजवळ जाऊन बसली. तुम्ही म्हणालात, सांग. ती बराच वेळ सांगत होती. मी ऐकत नव्हते, मी भरत होते. एकच वाक्य कानावर पडलं, तेही तिनं दोनदा म्हटलं म्हणून, "घर एकच शे, बाबा. पन मनी चूल येगळी शे." ओट्याच्या कोपऱ्यात तिनं स्वतः मातीची चूल घातली होती आणि वर्षभर लेकरांचं त्यावरच करत होती. तुम्ही मला हाक मारलीत.

"बेटा, शेवटलं लिखं ना?"

"हा नाना, लिखं."

साच्यात छापील वाक्य होतं, 'मी स्वतंत्र घरात राहत असल्याने'. ते तसंच गेलं. तिला वाचता येत नव्हतं, तुम्हाला दिसत नव्हतं, आणि वाचता येणारी, दिसणारी मी एकटीच होते. तिनं अंगठा उठवला, तुम्हाला नमस्कार केला आणि गेली. पुढच्या महिन्यात तुम्ही गेलात. जेवून उठलात, हात धुतलेत आणि पलंगावर बसलात, तेवढंच. मला रडायलाही चार दिवसांनी सुचलं.

ती परत आली ते पावसाळा उलटल्यावर. अर्ज नामंजूर झाला होता. चौकशीला माणूस आला, त्यानं बघितलं तर घर एकच, दार एकच. अर्जात खोटं लिहिलंय, असा शेरा मारून तो गेला. गावात सगळ्यांना कळलं. सासूनं तर दारात उभं राहून ऐकवलं. ती माझ्यावर चिडलीसुद्धा नाही, हे जास्त लागलं. ती तुमची खुर्ची शोधत होती. खुर्ची होती, तुम्ही नव्हता. ती म्हणाली, "मी तं त्या बाबाले बठ्ठं सांगेल व्हतं." तिनं तर सगळं सांगितलं होतं, मग कुठेतरी काहीतरी हरवलं, असं तिला वाटत होतं. तुम्ही लिहायचं विसरलात की काय, असंही तिनं अडखळत विचारलं. आणि नाना, तुम्ही विसरलात असं मी तिला वाटू दिलं. खोटं मी लिहिलं आणि विसराळू तुम्ही ठरलात, तेही भिंतीवर हार घातलेल्या फोटोत बसून.

त्या दिवशी मी साचा उघडला नाही. तिला तुमच्या खुर्चीवर बसवलं, हात मांडीवर ठेवले आणि म्हटलं, सांगा. कोऱ्या पानावरून अर्ज केला. घर एकच आहे, चूल वेगळी आहे, ती कुठे आहे, कधीपासून आहे, शेजारच्या कोणत्या दोन बायकांनी ती पेटताना पाहिली आहे. दोन पानं झाली तर झाली. कचेरीत तिच्याबरोबर मी स्वतः गेले आणि साहेबांना शेवटच्या ओळी मोठ्यानं वाचून दाखवल्या. त्यांनी ऐकल्या. एवढंच लागत होतं. पुन्हा चौकशी झाली, या वेळी माणसानं चुलीतली राख बघितली. कार्ड मिळालं. ते दाखवायला ती आली तेव्हा फडक्यात बांधून ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत घेऊन आली, तिच्या चुलीवरचं. एक भाकरी तिनं तुमच्या फोटोपुढे ठेवली. मी तेव्हा सांगायला हवं होतं. माझ्या तोंडात घास होता, असं मी स्वतःला सांगत आले आहे.

त्याच आठवड्यात मी सगळ्या साच्यांत ती ओळ परत घातली. अक्षर एका अंकानं लहान केलं, समास थोडे कमी केले, सही पहिल्याच पानावर बसली. पाच मिनिटांचं काम होतं. हे लिहिताना आजही लाज वाटते. आता बरेचसे अर्ज ऑनलाइन झालेत. तिथे चौकटी असतात आणि चौकटीबाहेर काही लिहिता येत नाही. पण जे कागदावर जातात, त्यांत दहातला एखादा तरी त्या तीन ओळींत काहीतरी सांगतो. मी लिहिते. खुर्ची दारापाशीच आहे, वेत तेवढा बदलून घेतला.

आता आणखी एक. हे सगळं मी नव्या पानावर लिहीत नाहीये. साचे हलवता हलवता रेशनकार्डाचा मूळ साचाच उघडला, शेवटी गेले आणि त्या टिंबांवर लिहीत सुटले. सही केव्हाच पुढच्या पानावर गेलीय. वर नामे रिकामं, वय रिकामं, आणि खाली ही एवढी मोठी मी. बंद करायला गेले तर संगणक विचारतोय, बदल जतन करायचे का. तुम्ही विचारलं होतंत ना, शेवटलं लिखं ना? हा नाना, लिखं. आज खरंच लिहिलंय. आणि आता मी 'नाही' दाबणार आहे. नमुना कोरा राहिला पाहिजे.