टँकरवर आईचं नाव

दादा, जयभीम.

सकाळी फोनवर म्हणालास, "करुणा, त्या पोरीला निबंधातली शेवटची ओळ खोडायला सांग." नाय सांगणार.

चारुता शाळेत जात नाय, दहावीचा अभ्यास घरीच करते. तिला आणि अशाच सहा पोरांना मी हर्सूलच्या खोलीतून ऑनलाइन निबंध शिकवते. 'दुष्काळ' विषय दिला, तर सगळ्यांनी गाईडमधली भेगाळलेली जमीन उतरवली. मी सगळ्यांना शून्य दिलं. म्हटलं, खिडकीतून दिसतं ते लिहा.

चारुताच्या खिडकीतून तुझा टँकर दिसतो, 'गोजरबाई वॉटर सप्लाय'. तिनं ड्रायव्हरला विचारलं, पाणी कुठून आणता? त्यानं गंगापूरजवळच्या तुझ्यामाझ्या गावाचं नाव सांगितलं. तिनं तेच लिहिलं. गोजरबाई आपली आई आहे, हे तिला ठाऊकही नाय. छापायला द्यायच्या आधी तुला वाचून दाखवलं, ही माझी चूक.

म्हणे, घरची इज्जत काढतेस! टँकर भरून भरून घरची विहीर तू उपसलीस. आई सत्तरीत हंडा घेऊन दुसऱ्याच्या बोअरवर उभी राहते. तिचं नाव टँकरवर रंगवताना लाज वाटली नाय, मग निबंधात आल्यावर कशाला वाटावी?

हे पत्र टाकत नाय. तुला काय सांगायचं ते चारुतानं माझ्यापेक्षा लई बरं लिहिलंय. निबंध आज मासिकाला गेला, त्या ओळीसकट: 'ज्या गोजरबाईंचं नाव टँकरवर आहे, त्यांच्या घरी पाणी कोण आणून देत असेल?'

गोजरबाईची लेक,
करुणा